मुलांसाठी पहिलं रॉकेट किट घेताय? बॉक्सवरचं चित्र नको, आतलं सामान बघा

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दहा वर्षांच्या भाचीने ईदी मोजली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मला रॉकेट घ्यायचंय." आम्हाला वाटलं, बाटलीत ठेवून पेटवतात तसलं. म्हणाली, "तसलं नाही. खरं. वर जाऊन पॅराशूटने खाली येतं ते." शाळेत २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन झाला होता, चांद्रयान-३ चा व्हिडिओ दाखवला होता, तेव्हापासून हे खूळ डोक्यात. दादीने विचारलंच, "मुलीला रॉकेट कशाला?" त्यावर तिने दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

अमेरिकेतल्या मामूंनी फोनवरच शब्द दिला, "मी घेऊन येतो, ईदी जपून ठेव." मामू आले, बॅग उघडली. आत सुरेख रॉकेट, उभं करायचा स्टँड, बटणाचा डबा, सगळं होतं. फक्त मोटारी नव्हत्या. विमानतळावर सामान देताना त्या काढून ठेवायला लावल्या होत्या. म्हणजे रॉकेट हजारो किलोमीटर उडून आलं, पण स्वतःहून एक फूटही उडणार नव्हतं. भाचीने ते स्टँडवर लावून शोकेसमध्ये ठेवलं आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहितो. आपल्या कितीतरी घरांत कुणीतरी बाहेरदेशी असतं आणि "येताना काय आणू?" हा फोन येतच असतो.

आधी वस्तू समजून घ्या

मॉडेल रॉकेट म्हणजे कागदी नळी, प्लास्टिकचं किंवा हलक्या लाकडाचं टोक, खाली तीन-चार पंख, आत घडी केलेलं पॅराशूट आणि शेपटात बसणारी बोटाएवढी मोटार. या छंदाची सुरुवात अमेरिकेत एका भीतीतून झाली. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि तिथली पोरं घरच्या घरी लोखंडी पाइपात बारूद ठासून रॉकेटं बनवायला लागली. बोटं तुटली, डोळे गेले. नेब्रास्का राज्यात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे एक चपला-बुटांचे दुकानदार होते, त्यांना आतषबाजीची जाण होती. त्यांनी एकदाच वापरायची तयार मोटार आणि कागदाचं रॉकेट बनवलं. हॅरी स्टाइन या रॉकेट इंजिनियरला ते पटलं. १९५८ मध्ये डेन्व्हरच्या व्हर्न एस्टिस यांनी अशा मोटारी भराभर बनवणारं यंत्र तयार केलं. आज अमेरिकेच्या दुकानांत सगळ्यात जास्त दिसणारं नाव एस्टिसचंच.

मुलाने बारूदला हात लावायचा नाही, ही सगळ्या छंदाची मूळ कल्पना. बारूद कारखान्यात मोजून भरलेली असते. मूल फक्त रॉकेट बांधतं, मोटार आत सरकवतं आणि तारेने जोडलेलं बटण लांबून दाबतं. काडी लावायची नाही, वात पेटवायची नाही.

आता मोटारीवरचे आकडे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मोटारीवर ए८-३ असं काही छापलेलं असतं. पहिलं अक्षर म्हणजे मोटारीत एकूण किती ताकद आहे ते. ए म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, बी म्हणजे ५, सी म्हणजे १०. प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट होते. मधला आकडा सरासरी धक्क्याचा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा सेकंदांचा: जोर संपल्यावर रॉकेट किती सेकंद तसंच वर तरंगत जाईल आणि मग आतला छोटा भडका पॅराशूट बाहेर ढकलेल, तो वेळ. हा शेवटचा आकडा लोक बघत नाहीत. तो जास्त असेल तर रॉकेट खाली तोंड करून येत असताना पॅराशूट उघडतं किंवा उघडण्याआधीच जमिनीत घुसतं. शेवटी शून्य असेल तर ती मोटार दोन मजली रॉकेटच्या खालच्या मजल्यासाठी असते, साध्या रॉकेटला लावायची नाही.

ज्यांची मुलं अमेरिकेत वाढतायत त्यांच्यासाठी

तुमचं काम सोपं आहे. पहिल्यांदा घेताना बॉक्सवर "लाँच सेट" लिहिलंय की नुसतं "किट", हे बघा. सेटमध्ये रॉकेट, स्टँड आणि बटणाचा डबा असतो. किटमध्ये नुसतं रॉकेट. दोन्हींमध्ये मोटारी बहुतेक वेळा वेगळ्या घ्याव्या लागतात, शिवाय मोटारीच्या भडक्यापासून पॅराशूट वाचवणारा न जळणारा कागद आणि बटणाच्या डब्याचे सेलही. घरी आणून बॉक्स उघडला आणि यातलं एक नाही, म्हणजे मुलाचा रविवार गेला.

एस्टिसचं अल्फा थ्री हे रॉकेट पहिल्यासाठी आम्हाला सगळ्यात योग्य वाटतं. मामूंनीही तेच आणलं होतं. त्याचे पंख प्लास्टिकचे, एका तुकड्यात घडवलेले, त्यामुळे वाकडे बसण्याचा प्रश्नच नाही. एका संध्याकाळी जोडून होतं. अगदी तयार, न जोडता उडवायचीही रॉकेटं मिळतात, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती देऊ नका. स्वतः जोडलेलं रॉकेट उडताना पाहण्यात जी मजा आहे, ती तयार रॉकेटमध्ये नाही. उलट बाल्सा लाकडाचे पंख कापून, घासून, चिकटवायचं किट पहिल्यांदाच दिलं तर अर्ध्यावर कंटाळून पडून राहतं. ते दुसरं किट म्हणून घ्या.

पहिलं उड्डाण नेहमी ए मोटारीने. मुलं सी मागतील, कारण बॉक्सवर सगळ्यात जास्त उंची त्याच मोटारीची छापलेली असते. सी मोटारीवर अल्फा तीनशे मीटरच्या आसपास जातं, ठिपक्यासारखं दिसतं आणि वाऱ्याने भरकटून शेजारच्या गल्लीत किंवा झाडावर जातं. पहिल्याच दिवशी रॉकेट हरवलं तर छंदही हरवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय रॉकेट संघटनेचे सुरक्षा नियम साधे आहेत. ए मोटारीला मैदान निदान १०० फूट लांबरुंद हवं, बी ला २००, सी ला ४००. डी पर्यंतच्या मोटारीला सगळ्यांनी निदान १५ फूट लांब उभं राहायचं. बटण दाबूनही उडालं नाही तर चावी काढा आणि पूर्ण ६० सेकंद जवळ जाऊ नका. विजेच्या तारेवर अडकलं तर ते रॉकेट तिथेच सोडून द्या. राज्यागणिक नियम वेगळे आहेत, म्हणून आधी जवळच्या क्लबकडे चौकशी केलेली बरी. क्लबच्या मैदानात जागेची परवानगी, अग्निशमनाची सोय, सगळं आधीच केलेलं असतं आणि चार अनुभवी माणसं मदतीला असतात.

आणि जे इथे राहतात त्यांनी?

इथे गोष्ट वेगळी आहे. या मोटारीत बंदुकीची दारू असते. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आणि त्याखालचे नियम २००८ चे. त्यानुसार अशी वस्तू बनवायला, विकायला, परदेशातून आणायला परवाना लागतो. हे सगळं बघणारं केंद्र सरकारचं कार्यालय, पेसो, आपल्याच नागपुरात आहे. विमानात या मोटारी हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि खाली टाकायच्या सामानातही नाहीत. पेटवायच्या बारीक तारासुद्धा नाहीत. मोटार नसलेलं रॉकेट, स्टँड, पॅराशूट आणता येतं. तेव्हा मामूंना, चाचूंना, खालाला आधीच सांगा की मोटारी विकत घेऊच नका. "कपड्यांत गुंडाळून आण, कोण बघतं" असं तर चुकूनही म्हणू नका. स्कॅनरवर ती बारीक नळी काय दिसते आणि पुढे किती तास जातात, याचा विचार करा.

मग मुलं दुसरी वाट शोधतात. आमच्या भाचीचा मोठा भाऊ पंधरा वर्षांचा. बहिणीचं तोंड उतरलेलं पाहून त्याने मोबाईलवर शोधाशोध केली आणि दुसऱ्या दिवशी अम्मीला विचारलं, "घरात साखर किती आहे?" अम्मीला वाटलं शिरखुर्मा बनवतोय. व्हिडिओत साखर आणि एका खताची पूड तव्यावर एकत्र करताना दाखवतात. दुसऱ्या कुठल्या व्हिडिओत फटाक्यांतली पूड काढून नळीत भरतात. ज्या प्रकाराने १९५७ साली पोरांची बोटं गेली तोच हा प्रकार, फक्त लोखंडी पाइपच्या जागी प्लास्टिकचा पाइप. गरम तव्यावर ते मिश्रण पेटलं तर विझत नाही. शिवाय परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा गुन्हा आहे, वय पंधरा असलं तरी पोलीस घरी येणार. घरात रॉकेटचा विषय निघाला की मोठ्या मुलाशी हे एकदा स्पष्ट बोलून घ्या. नुसतं रागावू नका, कारण सांगा. आमच्या भाच्याला आम्ही एक काम दिलं, पुढे येतंच ते.

पाण्याचं रॉकेट, आणि त्याला कमी समजू नका

आपल्याकडच्या मुलासाठी पहिलं रॉकेट पाण्याचंच असावं, या मतावर आम्ही आता ठाम आहोत. पाच-सात वर्षांच्या मुलाला पायाने फुगा दाबून उडवायचं फोमचं रॉकेट पुरतं. सोडा-व्हिनेगरचं किट स्वयंपाकघरातल्या प्रयोगाला ठीक, पण ते फार वर जात नाही, दोन दिवसांत कपाटात जातं. आठच्या पुढे मात्र पाण्याचं रॉकेट.

तत्त्व तेच. बाटलीत थोडं पाणी, वरून सायकलच्या पंपाने हवा. दाबलेली हवा पाण्याला खाली जोरात ढकलते, पाणी रॉकेटला वर. न्यूटनचा तिसरा नियम पुस्तकात एक ओळ असतो, इथे अंगावर पाणी उडवून समजतो.

दुकानात दोन प्रकारची किटं मिळतात आणि बॉक्सवर हा फरक ठळक लिहिलेला नसतो. एकात बाटलीच्या तोंडाला रबरी बूच असतं. दाब पुरेसा झाला की बूच आपोआप सुटतं. याचा फायदा हा की दाब फार चढतच नाही. तोटा हा की नेमकं कधी सुटेल सांगता येत नाही, आणि पंप मारणारा जवळ असतो. म्हणून या प्रकारात नळी लांब आहे का ते बघा. नळी हातभर असेल तर ते किट परत करा. दुसऱ्या प्रकारात बाटली खटक्यात अडकते आणि लांबून दोरी ओढली की सुटते. याने रॉकेट जास्त उंच जातं आणि "पाच, चार, तीन" मोजायची मजा येते. पण दाब आपण ठरवतो, त्यामुळे पंपाला काटा हवाच. आमचा नियम असा: आठ ते दहा वर्षांना बूचवालं, अकराच्या पुढे खटक्याचं. काटा नसलेला पंप आणि खटक्याचं किट ही जोडी नको. काटा ४०-५० पीएसआयच्या पुढे नेऊ नका. मुलं म्हणतील, अजून दहा मार. नाही म्हणायचं.

बाटली कोणती, याला किटपेक्षा जास्त महत्त्व आहे. फेसवाल्या कोल्ड्रिंकची बाटली घ्या. ती आतल्या गॅसचा दाब सहन करायला बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली अजिबात नको. सुदैवाने आपल्याकडे वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी अशा बाटल्यांचा ढीग मिळतो. ओरखडे पडलेली, उन्हात पडलेली, पोचट झालेली बाटली टाकून द्या. पंख चिकटवायला गरम गोंदाची बंदूक वापरू नका. उष्णतेने बाटली तिथे कमजोर होते आणि पुढच्या दाबाला तिथूनच फाटते. पॅकिंगची रुंद टेप पुरते. टोकाला मऊ चेंडू किंवा फोम. धातूचं, टोकदार काहीही नको. पंप मारणाऱ्याच्या डोळ्याला चष्मा, बाकीचे पाच-सहा पावलं नाही, चांगले दहा-बारा पावलं मागे.

पहिलं रॉकेट बहुतेक वेळा गिरक्या घेत पडतं. आमचंही पडलं. किट खराब आहे असं समजून आम्ही दुकानदाराला फोन करणार होतो. चूक आमची होती. रॉकेटचं वजन पुढे असावं लागतं, म्हणजे तोल जिथे साधतो तो बिंदू पंखांपासून लांब, टोकाच्या बाजूला हवा. तपासायची युक्ती सोपी आहे. रिकामं रॉकेट आडवं धरून तोलाच्या जागी दोरी बांधा आणि डोक्यावर गोल फिरवा. टोक पुढे करून फिरलं तर सरळ उडेल. शेपूट पुढे आली किंवा डगमगलं तर टोकात मातीचा गोळा घाला, किंवा पंख मोठे करा. मोठ्या भाच्याला दिलेलं काम हेच. त्याने खेळण्यातली माती टोकात भरत भरत, प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून, बरोबर वजन शोधलं. साखरेचा विषय तेव्हापासून निघाला नाही.

पाणी किती? साधारण तिसरा हिस्सा. पण मुलांना हे सांगू नका, शोधू द्या. दाब तोच ठेवून एकदा पाव बाटली, एकदा तिसरा हिस्सा, एकदा अर्धी भरून बघू दे. अर्ध्याच्या पुढे रॉकेट जड होतं आणि हवेला जागा उरत नाही. अगदी कमी पाण्यात फुस्कन उडतं, पण लवकर दमतं.

उंची मोजता येते, तीही कंपास पेटीतल्या कोनमापकाने. कोनमापकाला मधोमध दोरा आणि दोऱ्याला नट बांधा. रॉकेटपासून तीस मीटर मोजून उभं राहा, सरळ कडेतून रॉकेटकडे बघत राहा आणि ते सगळ्यात वर असताना दोरा धरून ठेवा. दृष्टी जमिनीपासून ४५ अंशात वर असेल तर उंची तेवढीच, तीस मीटर, अधिक तुमच्या डोळ्यांची उंची. इतर कोनांसाठी दहावीच्या पुस्तकातला टॅन्जंट लागतो. भाची पाचवीत आहे. तिने भावाकडून तो शिकून घेतला, शाळेच्या पाच वर्षं आधी.

मैदान, शेजारी आणि आपली भीती

जागा मोकळी हवी. कोकणात सडा उत्तम, पाण्याच्या रॉकेटला वणव्याचीही भीती नाही. घाटावर कापणी झालेलं शेत. शहरात शाळेचं मैदान, तेही मुख्याध्यापकांना विचारून. गच्चीवरून नाही, रस्त्यावर नाही, विजेच्या तारांखाली नाही, विमानतळाजवळ तर नाहीच. मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर वगैरे उडवण्यावर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात, म्हणून शहरात जवळच्या ठाण्यात आधी विचारून ठेवा.

आता जे कुणी लिहीत नाही ते. भाचीच्या अब्बांनी पहिल्या दिवशी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आपल्या मुलांच्या हातात रॉकेट, तारा, बटणाचा डबा... कुणी व्हिडिओ काढून भलतंच लिहिलं तर?" आम्ही हसून टाळलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १४ वर्षांच्या एका मुस्लिम मुलाने घरी जोडलेलं घड्याळ शाळेत नेलं, ते बॉम्बसारखं वाटलं म्हणून पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या. पुढे गुन्हा दाखल झाला नाही, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला व्हाइट हाउसला बोलावलं. पण बेड्या घातलेला फोटो जगभर फिरला तो फिरलाच.

म्हणून आम्ही काय केलं? एकटं जायचं नाही, असं ठरवलं. शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना सोबत घेतलं, वर्गातली सहा-सात मुलं, सगळ्या घरांतली. उड्डाण दिवसाढवळ्या, सकाळी. किटचा बॉक्स आणि बिल पिशवीत. आजूबाजूच्या दोन घरांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं. त्यातले एक काका तर स्वतःच पंप मारायला आले आणि शेवटपर्यंत पंप सोडला नाही. बटणाचा डबा आणि तारांचा स्टँड आम्ही मुद्दाम घरीच ठेवला, पाण्याच्या रॉकेटला त्याची गरजही नव्हती.

आणि मुलांना हेही सांगितलं की रॉकेट ही आपल्याला परकी वस्तू नाही. टिपू सुलतानच्या लोखंडी नळीच्या रॉकेटांची धास्ती इंग्रजांनी इतकी घेतली की नंतर विल्यम काँग्रिव्हने त्यांच्यावरूनच इंग्लंडमध्ये रॉकेटं बनवली. २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या नगर इथल्या एका जुन्या विहिरीतून अशी हजारावर रॉकेटं निघाली. डॉ. अब्दुल कलाम तरुणपणी नासाच्या वॉलप्स केंद्रात गेले तेव्हा तिथल्या भिंतीवर त्यांना टिपूच्या सैन्याच्या रॉकेटांचं चित्र दिसलं होतं. तिथून परतल्यावर २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं, त्या कामात ते होते.

मोटारवाल्या रॉकेटची हौस असलेल्या मोठ्या मुलांनी थोडं थांबावं. इन-स्पेस ही केंद्र सरकारची संस्था कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट स्पर्धा भरवते. तिथे देखरेख असते, परवानगी असते आणि मोटारही रीतसर असते. आमचा भाचा त्याची चौकशी करून ठेवतोय.

मामूंचा परवा पुन्हा फोन आला होता, डिसेंबरमध्ये येतायत. "या वेळी काय आणू?" भाची म्हणाली, "फक्त पॅराशूट. दोन. माझ्या बाटलीला लावायचंय, उघडायची युक्ती मी शोधतेय." अल्फा अजून शोकेसमध्ये उभं आहे, त्याच्या पायाशी तिची वही. शेवटच्या पानावर लिहिलंय: अर्धी बाटली, २१ मीटर, तिसरा हिस्सा, ३४ मीटर, आणि खाली, "काकांनी जास्त पंप मारला, हे मोजायचं नाही."